कला व जतनशास्त्राच्या अभ्यासाचे अर्थसाहाय्य

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची कीर्ती सर्वश्रुत आहे. त्या चित्रांवर वेळोवेळी जो पैसा खर्च झाला त्याचा इतिहास मात्र सहसा कोणी पाहत नाही. कला अथवा जतनशास्त्र यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास तो अत्यंत बोधप्रद ठरेल. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जाऊन तेथील चित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. या कामाचा भार सरकारने उचलला होता. विलायतेस पाठविलेल्या त्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. परंतु पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांचा हात त्या भिंतींसमोर तयार झाला, हा लाभ आगीच्या आवाक्याबाहेरचा होता. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीशी पक्का केला व चित्रांवर लाखेचे रोगण दिले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हा उपाय योग्यच होता. कालांतराने मात्र ते रोगण पिवळे व तपकिरी पडले, आणि चित्रांस अपाय न होऊ देता ते काढणे हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांचे दीर्घकाळचे काम होऊन बसले.

या दोन घटनांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, कलावस्तूस हात लावणाऱ्याचे ज्ञान अपुरे असेल तर सद्‌हेतूने केलेला उपचारही पुढील पिढ्यांवर ओझे टाकतो. म्हणून या विद्येचे शिक्षण ही चैनीची बाब नव्हे. दुसरी गोष्ट अर्थसाहाय्याच्या शोधाशी निगडित आहे. दोन्ही वेळी पैसा आला तो चित्रांच्या नावाने. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे शिक्षण झाले ते त्या कामाच्या आश्रयाने. आजही या क्षेत्रातील परिस्थिती मूलतः तशीच आहे. ‘शिष्यवृत्ती’ या नावाखाली जेवढा पैसा आढळतो, त्याहून वेगळा असा पुष्कळ पैसा विषयाच्या किंवा वस्तूच्या नावाने ठेवलेला असतो. सामान्यतः विद्यार्थी पहिल्याच प्रकाराचा शोध घेतो व तो न मिळाल्यास मार्ग खुंटला असे मानतो. तेव्हा व्यक्ती, विषय व वस्तू या तीन नावांनी मिळणाऱ्या साहाय्याचा क्रमाने विचार करणे इष्ट होईल.

व्यक्तीच्या नावाने मिळणारे साहाय्य

सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईची कलाशाळा सुरू झाली. एका धनिकाच्या दानाने हजारो विद्यार्थ्यांचे शिक्षण सुकर होते, याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. यावरून एक साधी गोष्ट लक्षात येते. अल्प शुल्कात शिकविणारी संस्था हीच विद्यार्थ्याची पहिली शिष्यवृत्ती असते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. लखनौ येथे सांस्कृतिक वस्तूंच्या जतनासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा १९७६ साली स्थापन झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात १९८९ साली सुरू झालेल्या व पुढे नोएडा येथे गेलेल्या संस्थेत कलेतिहास, जतन व संग्रहालयशास्त्र या तिन्हींचे अध्यापन होते. परदेशातील शिक्षणाचा खर्च कसा भागवावा या विवंचनेत पडण्यापूर्वी, त्या शिक्षणाचा कोणता भाग देशातच घेता येईल, हे विद्यार्थ्याने प्रथम ठरवावे. असा पाया घातलेल्या उमेदवाराकडे निवड समित्याही अधिक विश्वासाने पाहतात.

व्यक्तीस मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांत वय, उत्पन्न, जात अथवा गुणवत्ता यांपैकी एखादी कसोटी मुख्य असते. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी असलेली शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयोगटासाठी असून तिची मुदत दोन वर्षांची व रक्कम दरमहा ५,००० रुपये अशी ठरविण्यात आली. तिच्यात दृश्यकलेचा समावेश आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली स्थापन केलेला निधी परदेशी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांस साहाय्य करीत आला आहे. परंतु हे साहाय्य कर्जरूप असते, हे विसरता कामा नये. १९७६ साली स्थापन झालेले इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान परदेशातील उच्च शिक्षणास मदत करते व तरुण चित्रकार-शिल्पकारांकरिता स्वतंत्र पुरस्कारही देते.

शासकीय शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत नियमावलीतील प्रत्येक शब्द महत्त्वाचा असतो. याचे बोलके उदाहरण म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. ही योजना १९५४-५५ पासून चालू असून अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. २०२२ साली तिच्या नियमांत एक अट घालण्यात आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, अशी ती अट होती. तिच्यावर त्या वेळी टीकाही झाली. पारंपरिक कारागिराच्या मुलास परदेशी पाठविणाऱ्या योजनेतून त्याच्याच घराण्यातील कलेच्या अभ्यासाचा विषय वगळला जावा, ही विसंगती उघड आहे. अशा प्रसंगी विषयाचे नाव बदलून मूळ हेतू लपविणे हा मार्ग नव्हे. तसे करणारा अडचणीत येतो. परंतु रंगद्रव्यांचे रसायन, कागदाच्या ऱ्हासाची कारणे, लाकडावरील कीटकांचा प्रादुर्भाव यांसारखे विषय मुळातच शास्त्रीय आहेत. ते कोणत्याही देशातील वस्तूस लागू पडतात. ज्यास अशा विषयाची खरोखर आवड आहे, त्याने तो त्याच्या स्वतःच्या नावाने मांडावा व अर्जापूर्वी त्या वर्षाची नियमावली मुळातून वाचावी.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. ती परदेशी विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीशी बांधलेली आहे. जतनशास्त्राच्या अनेक नावाजलेल्या शाळा मात्र लहान व केवळ त्याच विषयास वाहिलेल्या असतात. समग्र विद्यापीठांच्या क्रमवारीत त्यांचे नाव आढळेलच असे नाही. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वीच संस्था व शिष्यवृत्ती यांचा मेळ बसतो किंवा नाही हे पाहिले पाहिजे. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांची कसोटी उमेदवाराचा समाजगट ही असल्याने कलेतिहासाच्या वा जतनाच्या संशोधकासही त्यांचा विचार करता येतो. केवळ कलेशी संबंधित अशी नावे शोधणारा विद्यार्थी नेमका येथे चुकतो.

विषयाच्या नावाने मिळणारे साहाय्य

दुसऱ्या प्रकारात दात्यास एखाद्या विषयाची वाढ व्हावी अशी इच्छा असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत ‘संग्रहालयशास्त्र व जतन’ हा स्वतंत्र विषय आहे, त्याचप्रमाणे दृश्यकला व पुरातत्त्व हेही विषय आहेत. या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास, २०२३ सालच्या सुधारणेनुसार, दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन मिळते. जतनशास्त्रातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या परीक्षेची तयारी पदवी हाती येण्याची वाट न पाहता सुरू करावी.

संस्कृती मंत्रालयाच्या कनिष्ठ व वरिष्ठ अधिछात्रवृत्त्या अनुक्रमे २५ ते ४० वर्षे व ४० वर्षांवरील व्यक्तींसाठी आहेत. त्या केवळ गायक, नर्तक वा चित्रकार यांच्याचसाठी आहेत असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. त्यांच्या विषयसूचीत पुराभिलेखविद्या व नाणकशास्त्र यांच्याबरोबर स्मारकांच्या बांधणीचे अभियांत्रिकी अंग आणि जतनाचे शास्त्रीय व तांत्रिक अंग यांचाही समावेश करण्यात आला आहे. स्थापत्य अभियंता वा रसायनशास्त्राचा पदवीधर यांस ही सूची वाचल्यावाचून आपण तेथे पात्र आहोत याची कल्पनाही येणार नाही.

परदेशी साहाय्यांपैकी फुलब्राइट कार्यक्रमाचा करार भारत व अमेरिका यांच्यामध्ये १९५० साली झाला. २००८ पासून त्यास फुलब्राइट-नेहरू हे नाव मिळाले. त्यातील पदव्युत्तर अधिछात्रवृत्तीच्या विषयांत कला व संस्कृती व्यवस्थापनाखाली वारसाजतन व संग्रहालयशास्त्र यांचा उल्लेख आढळतो. तिच्यासाठी किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव अपेक्षित असतो. म्हणजे परीक्षा देताच अर्ज करणाऱ्यापेक्षा, मध्यंतरी एखाद्या संग्रहालयात किंवा अभिलेखागारात कमी वेतनावर का होईना काम केलेल्या व्यक्तीस येथे वाव अधिक. ती वर्षे वाया गेली असे समजण्याचे कारण नाही.

चार्ल्स वॉलेस न्यासाची कथा तर या संपूर्ण विषयावर प्रकाश टाकणारी आहे. चार्ल्स वॉलेस १९१६ साली निवर्तले. आपल्या संपत्तीचा एक भाग त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिजोरीस ठेवला होता. पुढे देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, आणि त्या संपत्तीचे वाटप कसे करावे हा प्रश्न दीर्घकाळ चालला. अखेरीस १९८१ साली भारतासाठी स्वतंत्र न्यास निर्माण झाला व कला, वारसाजतन आणि मानव्यविद्या या क्षेत्रांतील अनेक भारतीयांनी त्याच्या साहाय्याने ब्रिटनमध्ये अभ्यास केला. मृत्युपत्र करणाऱ्याने ज्यांची कल्पनाही केली नसेल अशा विद्यार्थ्यांपर्यंत तो पैसा पोहोचला, तो न्यासाच्या उद्देशात लिहिलेल्या शब्दांमुळे. म्हणून दात्याचे नाव किंवा रक्कम पाहण्यापूर्वी उद्देशाचे कलम वाचण्याची सवय लावून घ्यावी. त्याचबरोबर कोणताही न्यास अमर नसतो, हेही ध्यानात ठेवावे. काही न्यास केवळ व्याज वाटतात, तर काही मुद्दल खर्चून आपले कार्य आटोपते घेतात. जुन्या माहितीपत्रकावर विसंबून अर्ज करणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

मराठीतून काम करणाऱ्यांस बंगळूर येथील इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेची माहिती विशेष उपयोगी पडेल. १९९३ साली स्थापन झालेली ही संस्था कलाविषयक संशोधनास अनुदान देते व इंग्रजीखेरीज अन्य भारतीय भाषांतील प्रस्तावही स्वीकारते. इंग्रजी लेखनाच्या भीतीने मागे राहणाऱ्या अभ्यासकांचा एक मोठा अडसर त्यामुळे दूर होतो.

वस्तूच्या नावाने मिळणारे साहाय्य

तिसरा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण त्यात विद्यार्थ्याचा उल्लेखच नसतो. १९९६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन केला. त्यास देणगी देणारा आपला पैसा कोणत्या स्मारकासाठी वा कामासाठी वापरावा हे सांगू शकतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान दोन टक्के भाग सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याची जबाबदारी टाकली. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे संरक्षण आणि ऐतिहासिक वास्तू व कलाकृती यांचा जीर्णोद्धार यांचा स्पष्ट निर्देश आहे, शिक्षणाचाही आहे. हा पैसा एकट्या विद्यार्थ्यास अर्ज करून मिळत नाही, तो नोंदणीकृत संस्थेमार्फत येतो. परंतु एखादे संग्रहालय जेव्हा चित्रसंग्रहाच्या जतनासाठी असे साहाय्य मागते, तेव्हा त्या योजनेत दोन प्रशिक्षणार्थींच्या विद्यावेतनाची तरतूद करता येते. ही सूचना बहुधा प्राध्यापकाने किंवा संग्रहपालाने करावयाची असते. वेळीच तिची आठवण करून देणे मात्र विद्यार्थ्याच्या हाती आहे.

ब्रिटिश लायब्ररीने २००४ पासून चालविलेला संकटग्रस्त अभिलेखांचा कार्यक्रम हे याच जातीचे दुसरे उदाहरण होय. नाश पावण्याच्या बेतात असलेल्या जुन्या कागदपत्रांच्या अंकीय प्रती तयार करण्यास तो अनुदान देतो, आणि मूळ कागद त्या देशातच राहिले पाहिजेत अशी त्याची अट आहे. अशा कामात कागद हाताळणे, त्याची स्थिती नोंदविणे, छायाचित्रण व सूचीकरण हे सर्व प्रत्यक्ष शिकावयास मिळते.

सांस्कृतिक वस्तूंच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय केंद्र, जे इक्रोम या नावाने ओळखले जाते, त्याच्या स्थापनेचा निर्णय युनेस्कोच्या १९५६ च्या नवी दिल्ली येथील अधिवेशनात झाला व १९५९ साली ते रोम येथे सुरू झाले. त्याचे अभ्यासक्रम मुख्यतः काम करीत असलेल्या व्यक्तींसाठी असतात. प्रवास व निवास यांचा खर्च बहुधा उमेदवाराने किंवा त्याच्या संस्थेने करावयाचा असतो व गरजूंसाठी मर्यादित साहाय्य असते. येथेही प्रश्न विचारला जातो तो असा : उमेदवाराच्या हाती कोणता संग्रह आहे, व परत गेल्यावर तो त्याचे काय करणार?

अर्जाची घडण

वरील विवेचनावरून अर्ज कसा लिहावा याचा बोध आपोआप होतो. ‘भारतीय वारशाच्या जतनाची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य असंख्य अर्जांत असते व ते खरेही असते; परंतु त्यावरून निवड करता येत नाही. समजा, एखाद्या विद्यार्थिनीस सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील चित्रकथींच्या पोथ्यांचा अभ्यास करावयाचा आहे. या पोथ्यांत रंगविलेले दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटविलेले असतात. कोकणातील दमट हवा, चिकटविण्यासाठी वापरलेली खळ, खळीच्या ओढीने येणारी कसर आणि खेळाच्या वेळी होणारी हाताळणी या कारणांनी पानांचा ऱ्हास होतो. अशा वेळी किती पोथ्या पाहिल्या, प्रत्येकीची किती पाने, किती पानांस कसर लागली आहे, कोठे रंग सुटला आहे, हे तिने प्रथम नोंदवावे. नंतर कोणते ज्ञान आपणापाशी नाही हे स्पष्ट लिहावे. उदाहरणार्थ, कागद ओला न करता जुनी खळ सैल कशी करावी, किंवा रंग न हलविता फाटलेल्या कडा पातळ जपानी कागदाने कशा सांधाव्यात. शेवटी ते ज्ञान कोणत्या संस्थेत, किती काळात मिळते, व परतल्यावर पोथ्या ज्यांच्या घरी आहेत त्या कुटुंबांस त्याचा काय उपयोग होईल, हे सांगावे. पोथ्यांच्या मालकांची संमती आधीच घेतलेली असावी.

असा अर्ज एका पानाचा असला तरी वजनदार ठरतो. शिवाय तोच अर्ज थोड्या फेरफाराने तिन्ही प्रकारच्या दात्यांकडे नेता येतो. व्यक्तीस साहाय्य करणाऱ्यास त्यात विद्यार्थिनीची चिकाटी दिसते, विषयास साहाय्य करणाऱ्यास एक शास्त्रीय प्रश्न दिसतो, आणि वस्तूस साहाय्य करणाऱ्यास वाचविता येण्याजोग्या पोथ्या दिसतात.

खर्च, मुदत व बंधने

खर्चाचे अंदाजपत्रक करताना शुल्क व निवास एवढ्यावरच थांबू नये. हत्यारे, रसायने, आम्लविरहित कागद, प्रवास, पारपत्र व विमा, तसेच परतल्यानंतर काम मिळेपर्यंतचे काही महिने हे सर्व त्यात आले पाहिजे. काही शिष्यवृत्त्यांत पैसा आधी स्वतः भरून नंतर परत मिळतो. ज्याच्यापाशी तो आधी भरण्याची ऐपत नाही त्याने हे अगोदर विचारून घ्यावे. परदेशी अभ्यासक्रमासाठी सुमारे दीड वर्ष आधी तयारीस लागणे शहाणपणाचे ठरते, कारण प्रवेशाची व साहाय्याची मुदत सहसा एकाच दिवशी संपत नाही. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकास किमान महिनाभराचा अवधी द्यावा व त्याजबरोबर अर्जाची प्रतही द्यावी.

बंधनांचा विचारही तितकाच आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता. आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे त्यांनी तो पुरा केला, तो स्वतःच्या निर्धारावर. शिष्यवृत्तीची मुदत व अभ्यासक्रमाची मुदत यांत अंतर पडल्यास काय ओढवते, याचे याहून परिचित उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसेल. म्हणून स्वाक्षरी करण्यापूर्वी सेवेचे बंधन, परतफेडीच्या अटी व मुदतवाढीची शक्यता या तीन गोष्टी लेखी समजून घ्याव्यात.

शिष्यवृत्ती न मिळालेला विद्यार्थी पुढील वर्षी पुन्हा अर्ज करू शकतो. पोथीस, चित्रास किंवा कागदांच्या रुमालास तशी सवड नसते; प्रत्येक पावसाळ्यात कसर आपले काम करीतच असते. अजिंठ्याच्या भिंतींवरील रोगण काढणाऱ्या हातांस जे ज्ञान लागते, ते कोणीतरी कोठेतरी पैसे देऊन शिकविलेले असते. तो पैसा विखुरलेला आहे, निरनिराळ्या नावांनी आहे, आणि पुष्कळदा नीट न वाचलेल्या नियमांत दडलेला आहे. तो शोधणे हा जतनविद्येच्या अभ्यासाचाच एक भाग मानून विद्यापीठांच्या विभागांनी दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांसमोर या तिन्ही प्रकारांची अद्ययावत माहिती ठेवली, तर केवळ माहितीअभावी परत फिरणाऱ्यांची संख्या निश्चित घटेल.